लसावि, पंचांग आणि भास्कराचार्य

एक चौदांशातून एक त्रेसष्टांश वजा करा. पाचवी-सहावीच्या वहीत सहज सापडेल असे हे उदाहरण आहे. छेद वेगळे असल्याने आधी ते सारखे करावे लागतात. सरळ मार्ग म्हणजे दोन्ही छेदांचा गुणाकार करायचा: १४ × ६३ = ८८२. मग ६३/८८२ मधून १४/८८२ वजा केले की ४९/८८२ उरतात आणि शेवटी संक्षेप देऊन १/१८ हे उत्तर मिळते.

दुसरा मार्ग लसाविचा, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्याचा. १४ आणि ६३ या दोघांनाही ७ ने भाग जातो. त्यामुळे ८८२ पर्यंत जायची गरज नाही, १२६ पुरतात. ९/१२६ मधून २/१२६ वजा केले की ७/१२६, म्हणजे पुन्हा १/१८. उत्तर तेच, पण आकडे लहान आणि चुकण्याची शक्यता कमी.

नेमके हेच उदाहरण, याच दोन अपूर्णांकांसह, सन ११५० मध्ये पूर्ण झालेल्या एका संस्कृत ग्रंथात आहे. ग्रंथाचे नाव लीलावती आणि लेखक भास्कराचार्य. शून्य, बीजगणित, ग्रहगती अशा मोठ्या विषयांसाठी त्यांचे नाव घेतले जाते. पण मोठ्या संख्या हाताळणाऱ्या या माणसाला लहान संख्येची किंमत किती होती, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते.

सह्याद्रीजवळचे विद्वान घराणे

भास्कराचार्यांनी आपला जन्मशक स्वतःच्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. तो शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. आपण सह्य पर्वताजवळच्या विज्जडविड या नगरातले, शांडिल्य गोत्रातले, असेही ते सांगतात. विज्जडविड म्हणजे आजचे कोणते गाव यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. चाळीसगावजवळचे पाटण हे नाव त्यात ठळकपणे घेतले जाते. त्यांच्या घराण्याची सविस्तर माहिती देणारा शिलालेख तिथेच सापडला. त्याविषयी पुढे येईलच.

वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. ते स्वतः ज्योतिषी होते. त्या काळी ज्योतिष म्हणजे केवळ भविष्य सांगणे नव्हे. आकाशातल्या ग्रहांचे गणित करणे, तिथी ठरवणे, ग्रहणाची वेळ काढणे, पंचांग बनवणे ही ज्योतिषाची मुख्य कामे होती. घराण्यात विद्येची परंपरा अनेक पिढ्यांची. पूर्वज भास्करभट्ट यांना भोज राजाने विद्यापती ही पदवी दिली होती, असे शिलालेख सांगतो.

अशा घरात वाढणाऱ्या मुलाच्या हाती लहानपणीच आकडे येणार हे ओघानेच आले. कागद आणि पेन्सिल नसलेल्या त्या काळात गणित धूळपाटीवर चाले. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे लिहायचे, एक पायरी झाली की पुसून पुढची लिहायची. अंकगणिताला पाटीगणित हे नाव पडले ते या पाटीवरूनच. या पद्धतीत पुसलेला आकडा परत तपासता येत नाही. मधेच एक अंक चुकला तर चूक कुठे झाली हे शोधायला सगळे गणित पहिल्यापासून मांडावे लागते. आकडा जितका लांब, तितका धोका मोठा.

पंचांग म्हणजे विभाज्यांचा हिशोब

आता ज्योतिष्याच्या कामात सामाईक विभाज्य कुठून आले ते पाहू.

गुरू साधारण १२ वर्षांत आकाशात एक फेरी पूर्ण करतो, शनी साधारण ३० वर्षांत. आज दोघे एकाच ठिकाणाहून निघाले तर पुन्हा त्याच ठिकाणी एकत्र कधी येतील? १२ चे विभाज्य लिहा: १२, २४, ३६, ४८, ६०. मग ३० चे: ३०, ६०. दोन्ही यादींत पहिल्यांदा येणारी संख्या ६०. तेवढ्या काळात गुरूच्या ५ फेऱ्या होतात आणि शनीच्या २. पंचांगाच्या सुरुवातीला प्रभव, विभव अशी साठ संवत्सरांची नावे असतात. ते साठ वर्षांचे चक्रही गुरूच्या पाच फेऱ्यांएवढेच आहे.

अडचण अशी की १२ आणि ३० हे अंदाज आहेत. भास्कराचार्यांच्या आकड्यांनुसार गुरूला सुमारे ११.८६ वर्षे लागतात आणि शनीला सुमारे २९.४७. चंद्र, मंगळ, बुध, शुक्र यांचीही गती पूर्णांकात बसत नाही. वर्षाचे दिवससुद्धा पूर्ण नाहीत, ३६५ च्या वर पाव दिवसाहून थोडे अधिक उरतात. मग असा काळ हवा की ज्यात सूर्याच्या फेऱ्या पूर्ण, चंद्राच्या पूर्ण, प्रत्येक ग्रहाच्या पूर्ण आणि दिवसही पूर्ण. म्हणजे सगळ्या चक्रांचा एकच सामाईक विभाज्य.

भारतीय ज्योतिषातली युग आणि कल्प ही मोजमापे या कामी आली. भास्कराचार्यांनी आधार घेतला तो त्यांच्या सुमारे पाच शतके आधी, सन ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनी लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्ताचा. त्यानुसार कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. या काळात गुरूच्या ३६,४२,२६,४५५ फेऱ्या, शनीच्या १४,६५,६७,२९८ फेऱ्या आणि एकूण दिवस १,५७,७९१ कोटी ६४ लाख ५० हजार.

या आकड्यांकडे पाहून छाती दडपते, पण त्यामागची कल्पना सरळ आहे. अपूर्णांकातली गती लक्षात ठेवण्याऐवजी इतक्या दिवसांत इतक्या पूर्ण फेऱ्या असे लिहून ठेवायचे. पुढे कोणत्याही दिवसासाठी त्रैराशिक मांडायचे. कल्पाच्या एकूण दिवसांत इतक्या फेऱ्या, तर आजवर झालेल्या दिवसांत किती? पूर्ण फेऱ्या सोडून द्यायच्या, उरलेला भाग म्हणजे ग्रहाचे आकाशातले मध्यम स्थान.

अर्थात हा आकडा कोणी ४३२ कोटी वर्षे आकाश पाहून काढलेला नाही. कल्पाची लांबी परंपरेने ठरलेली होती. पाहिलेल्या ग्रहगतीशी जुळतील अशा पूर्ण फेऱ्यांच्या संख्या तिच्यात बसवल्या होत्या. हिशोबाची सोय म्हणून उभारलेला हा प्रचंड सामाईक विभाज्य होता.

छत्तिसाव्या वर्षीचा ग्रंथ

वयाच्या ३६ व्या वर्षी, सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्याचे चार भाग मानले जातात. लीलावतीत अंकगणित आणि क्षेत्रमापन, बीजगणितात अव्यक्त संख्यांची समीकरणे, ग्रहगणितात ग्रहांची गती आणि ग्रहणे, तर गोलाध्यायात आकाशगोलाची भूमिती. पहिले दोन भाग स्वतंत्र ग्रंथ म्हणून इतके प्रसिद्ध झाले की ते एका मोठ्या ग्रंथाचे भाग आहेत हे अनेकांना ठाऊकही नसते.

ही मांडणी शिक्षकाची आहे. ज्याला ग्रहण काढायचे आहे त्याला आधी बेरीज, वजाबाकी आणि अपूर्णांक यायला हवेत. लीलावती ही त्या इमारतीची पहिली पायरी. सूत्रे श्लोकांत, म्हणजे पाठ करायला सोपी. प्रत्येक सूत्रानंतर लगेच उदाहरण आणि तेही बाजारातले, बागेतले, तळ्याकाठचे.

यातच समच्छेदाचा, म्हणजे छेद सारखे करण्याचा नियम येतो. भास्कराचार्य दोन रीती देतात. पहिली: प्रत्येक अपूर्णांकाचा अंश आणि छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणायचा. दुसरी: आधी दोन्ही छेदांना त्यांच्या सामाईक विभाजकाने भागून लहान करायचे आणि मग त्या लहान झालेल्या संख्यांनी एकमेकांच्या अंश-छेदांना गुणायचे. ही दुसरी रीत बुद्धिमान माणसाने वापरावी, असे ते सुचवतात.

नियमापाठोपाठ ते एका मित्राला उद्देशून उदाहरणे घालतात. पहिले बेरजेचे: ३, १/५ आणि १/३. इथे ५ आणि ३ यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे छेद १५ च होणार. ४५/१५, ३/१५ आणि ५/१५ मिळून ५३/१५. दुसरे वजाबाकीचे, आपण सुरुवातीला पाहिलेले: १/१४ आणि १/६३. इथे मात्र दुसरी रीत उपयोगी पडते. सामाईक विभाजक ७. ६३ ला ७ ने भागून ९, १४ ला ७ ने भागून २. आता १४ × ९ = १२६ आणि ६३ × २ = १२६. दोन्ही छेद आपोआप सारखे झाले, आणि तेही लसाविइतके.

दोन उदाहरणांची ही जोडी विचारपूर्वक निवडलेली दिसते. पहिल्यात आडवळणाची गरजच नाही. दुसऱ्यात आडवळण न घेणाऱ्याला सातपट मोठा छेद ओढत न्यावा लागतो. दोन्ही सोडवली की कोणती रीत कधी वापरायची हे विद्यार्थ्याला आपसूक समजते.

लसाविची कल्पना भास्कराचार्यांची स्वतःची नव्हती. ग्रीक गणिती युक्लिड यांच्या मूलतत्त्वे या ग्रंथाच्या सातव्या भागात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास, दोन संख्यांचा लघुतम सामाईक विभाज्य काढण्याची कृती आहे. आपल्याकडे नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात लसाविला निरुद्ध असे स्वतंत्र नाव आहे आणि अनेक छेदांसाठी तो काढण्याची रीतही. भास्कराचार्यांनी हा विचार दोन ओळींत आणि दोन उदाहरणांत असा बसवला की पुढची कित्येक शतके मुले तो पाठ करत राहिली.

सामाईक विभाजक शोधायचा कसा?

१४ आणि ६३ यांचा सामाईक विभाजक नजरेने दिसतो. पण २२१ आणि १९५ यांचा? भास्कराचार्यांनी त्यासाठी परस्परभागाकाराची रीत दिली आहे. मोठ्या संख्येला लहानीने भागा, मग लहानीला आलेल्या बाकीने भागा, असे करत जा. ज्या बाकीने निःशेष भाग जातो तीच मसावि, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक.

करून पाहू. २२१ ला १९५ ने भागले, बाकी २६. १९५ ला २६ ने भागले, बाकी १३. २६ ला १३ ने भागले, बाकी शून्य. म्हणून मसावि १३. त्यावरून लसावि काढणे सोपे आहे. २२१ ला १३ ने भागून १७ आणि १९५ ला १३ ने भागून १५ येतात. २२१ × १५ = ३३१५ आणि १९५ × १७ = ३३१५. अवयव पाडण्याची खटपट न करता लसावि हाती आला.

हे आकडे लीलावतीतल्या कुट्टक प्रकरणातले आहेत. कुट्टक म्हणजे कुटणारा. मोठ्या संख्यांना परस्परभागाकाराने कुटून बारीक करणारी ही रीत आर्यभटांच्या काळापासून चालत आलेली. प्रश्न असा: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? भास्कराचार्य आधी तिन्ही संख्यांना १३ ने भागायला सांगतात, म्हणजे उरतात १७, १५ आणि ५. आता उत्तर आटोक्यात येते: गुणक ५, भागाकार ६. पडताळा घ्या: २२१ × ५ + ६५ = ११७०, आणि १९५ × ६ = ११७०. पुढची उत्तरे हवी असतील तर गुणकात १५ मिळवत जायचे: २०, ३५, ५०. दर वेळी २२१ चा गुणाकार ३३१५ ने, म्हणजे नेमका लसाविने वाढतो.

याच ठिकाणी ते एक सावधगिरीची सूचना देतात. भाज्य आणि भाजक यांना ज्या संख्येने भाग जातो तिने मिळवायच्या संख्येला भाग जात नसेल, तर प्रश्नच चुकीचा आहे, त्याला उत्तर नाही. तासभर धूळपाटीवर घाम गाळण्याआधी हे कळणे केवढे सोयीचे!

बीजगणितात त्यांनी आणखी एक गंमतशीर प्रश्न घातला आहे. अशी संख्या सांगा की जिला ६ ने भागले तर ५ उरतात, ५ ने भागले तर ४, ४ ने भागले तर ३ आणि ३ ने भागले तर २. त्यांनी तो अव्यक्त संख्या मांडून पायरीपायरीने सोडवला. आपण लसाविच्या नजरेने पाहू. प्रत्येक वेळी बाकी भाजकापेक्षा एकाने कमी आहे. म्हणजे संख्येत १ मिळवला तर ६, ५, ४ आणि ३ या चौघांनीही निःशेष भाग जाईल. या चौघांचा लसावि ६०. म्हणून उत्तर ५९, आणि त्यात ६०-६० मिळवत गेले की ११९, १७९ अशी पुढची उत्तरे.

लीलावती कोण?

भास्कराचार्यांची लीलावती नावाची मुलगी होती, तिच्या लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठी घटिकापात्र ठेवले होते, तिच्या दागिन्यातला मोती पात्रात पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. मग वडिलांनी तिचे दुःख हलके करण्यासाठी तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला, असा तिचा शेवट आहे. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने सन १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ही कथा येते. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लिखाणात तिला आधार नाही. ग्रंथात कुठे मित्राला, कुठे व्यापाऱ्याला, कुठे एखाद्या चंचल डोळ्यांच्या मुलीला संबोधन आहे.

कथा बाजूला ठेवली तरी ग्रंथातला जिव्हाळा खरा आहे. एका उदाहरणात कमळांची रास आहे. तिचा १/३ भाग शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला आणि १/४ देवीला वाहिला. उरलेली ६ कमळे गुरूला दिली. तर एकूण कमळे किती? यासाठी ते इष्टकर्म ही रीत सांगतात. मनाने कोणतीही एक संख्या धरायची, तिच्यावर सगळ्या क्रिया करायच्या आणि शेवटी त्रैराशिकाने खरे उत्तर काढायचे.

कोणतीही संख्या चालते हे खरे, पण ३, ५, ६ आणि ४ यांचा लसावि धरला तर एकही अपूर्णांक आड येत नाही. ६० धरा. २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ वाहिली, ३ उरली. प्रत्यक्षात उरली ६, म्हणजे दुप्पट. म्हणून कमळे १२०.

एकोणसत्तराव्या वर्षी

आता पुन्हा त्या कल्पाकडे येऊ. सिद्धान्तशिरोमणीच्या पद्धतीने एखाद्या दिवसाचा गुरू काढायचा तर कल्पारंभापासून आजवरचे दिवस मोजावे लागतात. शकाच्या आरंभापर्यंतच कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे उलटलेली. म्हणजे दिवसांची संख्या १२ अंकी. तिला गुरूच्या ९ अंकी फेऱ्यांनी गुणले की गुणाकार २१ अंकी. मग त्याला कल्पाच्या १३ अंकी दिवसांनी भागायचे. हे सगळे धुळीवर, आणि मग प्रत्येक ग्रहासाठी पुन्हा.

यावर पहिला उपाय अपवर्तनाचा, म्हणजे संक्षेप देण्याचा. अधिकमासाचे उदाहरण घेऊ. याच आकड्यांनुसार कल्पाच्या ४३२ कोटी सौर वर्षांत १५९ कोटी ३३ लाख अधिकमास येतात. दोन्ही संख्यांना ३ लाखांनी भाग जातो. उरते १४,४०० वर्षांत ५,३११ अधिकमास. अर्थ तोच, पण आता हे हाताने हाताळता येते. १४,४०० ला ५,३११ ने भागले की सुमारे २.७१ वर्षे, म्हणजे साडेबत्तीस महिने. अधिकमास साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो असे आपण ऐकतो, ते या भागाकारातून दिसते. नेमका कोणता महिना अधिक धरायचा हे मात्र सूर्याच्या संक्रांतीवरून ठरते.

पण सगळेच आकडे असे नमते घेत नाहीत. गुरूच्या फेऱ्यांची संख्या ५ वर संपते, शनीची ८ वर. त्यांच्यातून शून्ये झटकून टाकता येत नाहीत. म्हणून दुसरा उपाय: आरंभच जवळ आणायचा.

सन ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, भास्कराचार्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. सिद्धान्त ग्रंथात उपपत्ती असते. करण ग्रंथ म्हणजे पंचांग बनवणाऱ्यासाठीची हातपोथी. यात आरंभ शके ११०५ पासून, म्हणजे त्याच वर्षापासून. त्या क्षणीची ग्रहांची स्थाने तयार दिलेली, पुढच्या दिवसांसाठी लहान गुणक-भाजक दिलेले. पाच वर्षांनंतरचा ग्रह काढायचा तर दिवसांची संख्या अवघी चार अंकी. बारा अंक कुठे आणि चार अंक कुठे!

तारुण्यात ज्याने ४३२ कोटी वर्षांचा डोलारा नीट समजावून सांगितला, त्यानेच म्हातारपणी गावोगावच्या ज्योतिष्याला पेलेल एवढे गणित करून दिले. छेद ८८२ ऐवजी १२६ घ्यावा असे सांगणाऱ्या शिक्षकाला हे शोभून दिसते. गणित बरोबर असणे पुरेसे नाही, ते करणाऱ्याच्या हातून बरोबर होईल असेही असायला हवे.

पाटणचा मठ आणि पुढच्या पिढ्या

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यालाही विद्वान म्हणून मान होता. यादव राजा जैत्रपाल याने त्याला आपल्या पदरी नेले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या चांगदेवाने पाटण येथे मठ काढला. तिथल्या निकुंभ वंशातील सोइदेव याने मठासाठी दान दिले.

ही सगळी माहिती देणारा शिलालेख एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. १८६५ साली त्यांचा त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख बहुतांशी संस्कृतात आहे, पण मठासाठी बाजारातून काय काय द्यायचे याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. दानाचा हिशोब दुकानदारांना कळायला हवा, तर तो त्यांच्या भाषेत लिहिलेला बरा, असा त्यामागचा व्यवहार असावा. पाटण आज जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत आहे.

हातातले गणित लहान करण्याची ही दृष्टी महाराष्ट्रात पुढेही टिकली. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला. त्यात त्यांनी ११ वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे चक्र धरले. आधी चक्रे किती झाली ते मोजायचे, मग चक्रातले दिवस. त्यामुळे दिवसांची संख्या ४,०१६ च्या वर कधीच जात नाही. ११ वर्षांत चांद्रमास किती बसतात? १३६. म्हणजे सौर वर्षे, चांद्रमास आणि दिवस ही तिन्ही चक्रे जिथे जवळजवळ एकत्र येतात असा, अगदी तंतोतंत नसला तरी कामाला पुरेसा, लहान सामाईक विभाज्य. महाराष्ट्रातली पंचांगे कित्येक पिढ्या या ग्रंथावरून होत असत. याच गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून तिच्या सूत्रांमागची कारणे उलगडली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लीलावती इंग्रजीत गेली. जॉन टेलर यांचे भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले आणि पुढच्याच वर्षी हेन्री कोलब्रुक यांचे लंडनमध्ये. तोपर्यंत शाळांतून धूळपाटीची जागा हळूहळू दगडी पाटी घेणार होती. मागोमाग कागदी वही येणार होती.

पाटी बदलली तरी अडचण बदललेली नाही. दोन बस दर १२ आणि दर १८ मिनिटांनी सुटतात, तर पुन्हा एकत्र कधी सुटतील, हा आजच्या पुस्तकातला प्रश्न गुरू-शनीच्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ आहे. १२ × १८ = २१६ मिनिटे हे उत्तर देणाऱ्या मुलाचे अगदीच चुकलेले नसते, २१६ व्या मिनिटालाही दोन्ही बस एकत्र सुटतातच. फक्त त्याआधी त्या पाच वेळा एकत्र सुटून गेलेल्या असतात. आधी ६ ने भागून २ आणि ३ करून घेतले असते तर ३६ मिनिटांतच बस मिळाली असती.